अंतर भूगोलाचे, वेळ राजकारणाची

दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न शालेय भूगोलाचा आहे आणि त्याचे उत्तर कायमचे ठरून गेलेले आहे, अशी आपली समजूत असते. फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकिओ यांच्या विमानतळांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. ते १९५७ साली तेवढेच होते, १९८३ साली तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहे. परंतु हे अंतर तोडण्यास विमानाला किती वेळ लागतो असे विचारले, तर उत्तर एक राहत नाही. १९८३ साली या दोन शहरांमध्ये प्रथम थेट विमानसेवा सुरू झाली तेव्हा सुमारे तेरा तास लागत. २०१९ साली हाच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. आणि २०२२ साली तो पुन्हा तेरा तासांवर गेला. चाळीस वर्षांत विमानांची इंजिने सुधारली, इंधनाचा खर्च घटला, मार्ग दाखविणारी यंत्रे अचूक झाली; आणि एवढे सारे होऊनही प्रवासी जेथून निघाला होता तेथेच येऊन पोहोचला! हेलसिंकी जागची हलली नाही, टोकिओही हलले नाही. हलले ते या दोहोंमध्ये पसरलेल्या एका प्रचंड देशाशी इतरांचे असलेले नाते.

विमानाच्या शोधाने जग जवळ आले, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची सत्यता तपासून पाहण्याची गरजच आपल्याला वाटत नाही. जग जवळ आले ते विमानामुळे नव्हे. विमानाला वाट देण्याचे राष्ट्रांनी मान्य केले म्हणून ते जवळ आले. ती मान्यता काढून घेतली की ते पुन्हा दूर जाते. हेलसिंकी आणि टोकिओ यांच्या दरम्यानच्या या मार्गाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो परक्यांचा असला तरी त्यातील धडा आपल्या अगदी दाराशी येऊन ठेपलेला आहे.

नकाशावरची रेषा आणि गोलावरचा दोरा

भिंतीवरच्या सपाट नकाशात पाहिले तर हेलसिंकीहून टोकिओला जाण्याची वाट आग्नेयेकडे जाते असे दिसते. कारण हेलसिंकी साठ अंश उत्तर अक्षांशावर आणि टोकिओ छत्तीस अंशांच्याही थोडे खाली आहे. पण पृथ्वीच्या गोलावर या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला, तर तो निघताना आग्नेयेकडे नव्हे, ईशान्येकडे जातो. ध्रुववृत्ताला किंचित ओलांडतो आणि मग सायबेरियावरून उतरत उतरत जपानकडे येतो. भूगोलशास्त्रात याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग तोच. या मार्गाचा फार मोठा भाग एकाच देशाच्या भूमीवरून जातो आणि तो देश म्हणजे रशिया.

अंतर आणि वेळ यांचे गणित निसर्गालाही बिघडविता येते, हे येथे मान्य केले पाहिजे. तीस ते चाळीस हजार फूट उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. ते पाठीशी असले तर विमान लवकर पोहोचते, समोरून आले तर रखडते. एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवेचे उदाहरण बोलके आहे. हे विमान पूर्वी अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग लांबचा, सुमारे १५,३०० किलोमीटरांचा. तरीही वारा पाठीशी मिळाल्यामुळे विमान सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी वेळात पोहोचले. म्हणजे लांबची वाट कधी कधी वेळेच्या हिशेबात जवळची ठरते. परंतु वाऱ्याचा हा खेळ निःपक्षपाती असतो. तो कोणाचा पासपोर्ट पाहत नाही, आणि आज एकाच्या विरुद्ध गेला तर परतीच्या वाटेवर त्याचीच भरपाई करून देतो. माणसांनी आकाशात उभारलेल्या भिंतींचे तसे नाही.

ध्रुवावरचा द्राविडी प्राणायाम

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने आपले आकाश परकीय विमानांना जवळजवळ बंद ठेवले. त्यामुळे युरोपातून जपानला जाणाऱ्याला दक्षिणेकडून, मध्यपूर्व, भारत आणि आग्नेय आशिया असा थांबत थांबत प्रवास करावा लागे. फेब्रुवारी १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन देशांच्या संयुक्त विमानकंपनीने यावर तोड काढली. कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्कातील अँकरेजला जायचे, तेथे इंधन भरायचे आणि मग टोकिओ गाठायचे. पुढे इतर युरोपीय कंपन्यांनी हीच वाट धरली. जेथे ना युरोप ना आशिया, असे अमेरिकेच्या टोकावरील एक थंड गाव दोन खंडांमधल्या प्रवासाचे ठाणे होऊन बसले. अँकरेजचे हे वैभव त्याच्या भूगोलाने त्याला दिले खरे. पण त्या भूगोलाला किंमत आली ती शीतयुद्धामुळे.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअर या फिनलंडच्या कंपनीने अँकरेजचा थांबाही गाळला. तीन इंजिनांच्या डीसी-१० जातीच्या विमानात इंधनाची जादा सोय करून तिने हेलसिंकीहून निघालेले विमान सरळ उत्तर ध्रुवावर, तेथून बेरिंगच्या सामुद्रधुनीवर आणि तेथून टोकिओवर नेले. पश्चिम युरोपातून जपानला न थांबता जाणारी ही पहिली विमानसेवा. तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण या मार्गाचा हिशेब मांडून पाहावा. हेलसिंकी ते ध्रुव सुमारे ३,३०० किलोमीटर, ध्रुव ते बेरिंगची सामुद्रधुनी सुमारे २,७०० आणि तेथून टोकिओ सुमारे ४,७००; बेरीज १०,७०० किलोमीटर, आणि तीही वाटेत कोठे अधिक वळावे लागले नाही तर. सरळ मार्ग ७,८०० किलोमीटरांचा असताना हा तीन हजार किलोमीटरांचा द्राविडी प्राणायाम करावा लागला, तो केवळ शेजाऱ्याच्या अंगणावरून जाण्याची मुभा नव्हती म्हणून.

ती मुभा नसताना चुकून अंगणात पाऊल पडले तर काय होते, हे त्याच वर्षी जगाने पाहिले. १ सप्टेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सेऊलला जाणारे दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेले आणि साखालीन बेटाजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. त्यातील २६९ माणसे प्राणास मुकली. या हत्याकांडाचे दोन परिणाम झाले. अमेरिकेने उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ओळखण्याची आपली लष्करी यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठीही खुली करण्याचे जाहीर केले. आज प्रत्येक भ्रमणध्वनीत वाट दाखविणारी सोय आहे ती याच यंत्रणेतून वाढली. आणि मे १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारात एक नवे कलम घालण्यात आले: उडत असलेल्या नागरी विमानाविरुद्ध शस्त्र वापरण्यापासून प्रत्येक राष्ट्राने दूर राहिले पाहिजे. जी गोष्ट सांगावीही लागू नये, ती लिहून ठेवण्यासाठी एवढ्या माणसांचे प्राण जावे लागले.

सायबेरिया उघडला आणि मिटला

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत संघाचे धोरण सैल होऊ लागले आणि पुढच्या काही वर्षांत सायबेरियावरचा मार्ग पाश्चात्त्य विमानांना हळूहळू मोकळा झाला. फुकट मात्र नव्हे. या वाटेचा जकातनाका मोठा होता. युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडण्याबद्दल वर्षाकाठी तीस कोटी युरोंहून अधिक रक्कम द्यावी लागत असे आणि तिचा मोठा भाग रशियाच्या एअरोफ्लोट या विमानकंपनीच्या, म्हणजे त्यांच्याच स्पर्धकाच्या, पदरात पडत असे. तरीही कंपन्यांनी ते पैसे मोजले. कारण वळशाचा खर्च त्याहून अधिक होता.

या बदलाचा सर्वाधिक लाभ कोणास झाला असेल, तर तो हेलसिंकीला. युरोपच्या नकाशात एका कोपऱ्यात पडलेले हे शहर गोलावर पाहिले तर आशियाच्या वाटेवरचे युरोपचे पहिले दार ठरते. फिनएअरने आपला सारा व्यवसाय या एका भौगोलिक सत्यावर उभारला. हेलसिंकीहून पूर्व आशियाला जाणारे विमान जाऊन-येऊन चोवीस तासांच्या आत पुन्हा हेलसिंकीत उभे राहू शकत असे. म्हणजे रोजची सेवा चालविण्यास एकच विमान पुरे. विमानकंपनीच्या जमाखर्चात या गोष्टीला केवढे महत्त्व आहे, हे वेगळे सांगावयास नको.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तीन दिवसांनी युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि लगेच दुसऱ्या दिवशी रशियाने छत्तीस देशांच्या विमानांना आपले आकाश बंद करून त्याला उत्तर दिले. हेलसिंकीचे दार एका रात्रीत भिंतीसमोर उघडू लागले. मार्च २०२२ मध्ये फिनएअरची टोकिओ सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्या वैमानिकांनी १९८३ ची जुनी वाट धरली: उत्तर ध्रुव, बेरिंगची सामुद्रधुनी, टोकिओ. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रशस्तिपत्र देण्यात आले. ती कल्पना गमतीची होती. पण ते प्रशस्तिपत्र खरे तर विसाव्या शतकात परतल्याचे होते.

ध्रुवावरून उडणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्यावर ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. ध्रुवप्रदेशात असे विमानतळ मोजकेच आणि तेथील थंडी अशी की उतरलेल्या माणसांना जगविणे हाच प्रश्न. म्हणून विमानात थंडीपासून रक्षण करणारे खास पोशाख ठेवावे लागतात. विमानाच्या इंधनाचा गोठणबिंदू सामान्यतः उणे ४७ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे बाहेरील हवेच्या तपमानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. चुंबकीय होकायंत्र तेथे भरवशाचे राहत नाही. विषुववृत्तावर स्थिरावलेले संदेशवाहक उपग्रह ध्रुवावरून क्षितिजाखाली जातात, त्यामुळे संपर्कासाठी दुसरी व्यवस्था लागते. हे सारे शक्य आहे, आणि ते शक्य करून दाखविणाऱ्यांचे कौशल्य वादातीत आहे. पण जाण्यास तेरा आणि येण्यास तेरा मिळून सव्वीस तास होतात, आणि दिवसाचे तास चोवीसच असतात. एका विमानाचे काम आता एका विमानाने भागत नाही. वैमानिकांची संख्या वाढते, इंधन वाढते, मालाची जागा घटते आणि अखेर हा सारा बोजा तिकिटाच्या दरात उतरतो. शिवाय जादा तीन साडेतीन तास जळणाऱ्या इंधनाचा धूर ज्या हवेत मिसळतो, ती ना फिनलंडची असते ना रशियाची.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण येथेही खरी ठरली. ज्या देशांच्या विमानांवर रशियाने बंदी घातली नाही, त्यांच्या कंपन्या जवळच्या वाटेने जात राहिल्या. त्यांत चीनच्या होत्या, आखाती देशांच्या होत्या आणि आपली एअर इंडियाही होती. पण जवळच्या वाटेचीही एक किंमत असते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरवावे लागले. दोनशेहून अधिक प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत त्या दुर्गम गावात तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढावे लागले. ज्या भूमीवरून आपण उडतो तिच्याशी आपला संबंध नाही, असे तीस हजार फुटांवरून वाटते. एक इंजिन बंद पडले की तो संबंध तत्काळ प्रस्थापित होतो.

आपल्याही अंगणात

हा सारा उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखाचा प्रश्न आहे, असे समजून आपल्याला बाजूला बसता येणार नाही. आकाश बंद करण्याच्या या विद्येत भारतीय उपखंड मागासलेला नाही. १९५२ साली पाकिस्तानने अफगाण सरहद्दीलगतचा प्रदेश निषिद्ध ठरविल्यामुळे दिल्लीहून काबूलला जाणाऱ्या भारतीय विमानांची सरळ वाट बंद झाली. भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार नेली आणि अखेर वाटाघाटींतून विमानांसाठी एक वाट काढण्यात आली.

१९७१ साली भूमिका बदलल्या. ३० जानेवारी रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तेथे ते जाळण्यात आले. त्यानंतर फेब्रुवारीच्या आरंभी भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या भूमीवरून उडण्यास बंदी केली. कराची ते ढाका हे सरळ अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. बंदीनंतर पाकिस्तानी विमानांना भारताचा सारा किनारा टाळून कोलंबोमार्गे जावे लागले आणि हे अंतर दुपटीहून अधिक झाले. एकाच राष्ट्राचे दोन भाग एकमेकांपासून एका आदेशाने दुप्पट दूर गेले. त्या वर्षाच्या अखेरीस ते कायमचेच वेगळे झाले, याची कारणे अर्थातच फार खोल होती. आपल्या बाजूने त्या निर्णयाला कारण होते, हे कोणीही नाकारणार नाही. पण जे हत्यार आपण एकदा वापरले ते दुसऱ्याच्या हाती दिसले की आपल्याला त्याची धार अधिक जाणवते, हा मानवी स्वभाव आहे. पाकिस्तानने त्या वेळी हे प्रकरण त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेकडे नेले. संघटनेच्या मंडळास हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, असा पवित्रा घेऊन भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने मंडळास तो अधिकार आहे असा निर्णय दिला. पुढे दोन्ही देशांत समझोता होऊन १९७६ साली आकाश पुन्हा मोकळे झाले.

२०१९ साली बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारीपासून आपले आकाश बंद केले. भारतीय विमानांची ही कोंडी जुलैच्या मध्यापर्यंत टिकली. दिल्लीहून इस्तंबूलला थेट जाण्यासाठी योजलेल्या भारतीय विमानास त्या काळात इंधनासाठी दोहा येथे थांबावे लागत असे. आणि २०२५ साली पहलगाम येथील हत्याकांडानंतर २४ एप्रिल रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना, आणि ३० एप्रिल रोजी भारताने पाकिस्तानी विमानांना, आकाश बंद केले. पुढे महिन्यामागून महिने या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. अमेरिकेहून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावे लागले. याहून बोलके उदाहरण ताश्कंदचे. दिल्लीहून ताश्कंद सुमारे १,५८० किलोमीटरवर आहे, म्हणजे दिल्लीहून बंगळूरपेक्षाही जवळ! तरीही बंदीनंतर एका भारतीय कंपनीला आपली ताश्कंदची विमाने रद्द करावी लागली, कारण वळसा घालून तेथे पोहोचणे तिच्या लहान विमानांच्या आवाक्याबाहेर गेले. भारत आणि पाकिस्तान यांनी १९६६ साली ज्या शहरात शांततेच्या करारावर सह्या केल्या, त्या शहराची वाट या दोघांच्या भांडणात अशी बंद व्हावी, ही नियतीची क्रूर थट्टाच म्हणावी लागेल.

कायदा काय म्हणतो?

आकाश कोणाचे, हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. समुद्र सर्वांचा आहे, हे तत्त्व ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताने १६०९ साली मांडले. त्याच धर्तीवर हवाही मुक्त आहे, असे विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल फोशी या फ्रेंच कायदेपंडिताने प्रतिपादन केले. परंतु पहिल्या महायुद्धात आकाशातून बाँब पडू लागले आणि हे स्वप्न विरले. १९१९ च्या पॅरिस कराराने आणि पुढे ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सत्ता मान्य केली. न उतरता वरून जाण्याचा हक्क एकमेकांना देणारा एक स्वतंत्र करार शिकागोलाच झाला. भारत आणि पाकिस्तान त्यात सामील झाले, रशिया झाला नाही.

येथे शिकागो कराराच्या नवव्या कलमाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. आणीबाणीच्या प्रसंगी अथवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राष्ट्राला आपले सारे आकाश तात्पुरते बंद करता येईल, असे ते कलम म्हणते; पण ही बंदी राष्ट्रीयत्वाचा भेद न करता सर्व परकीय विमानांना सारखीच लागू असली पाहिजे, अशी अटही घालते. म्हणजे करार करणाऱ्यांच्या मनात भेद स्पष्ट होता. आकाश असुरक्षित असेल तर ते सर्वांनाच असुरक्षित असेल. ते एकाच राष्ट्राच्या विमानांना बंद आणि इतरांना खुले असेल, तर तेथे प्रश्न सुरक्षिततेचा नसून शिक्षेचा आहे. दुर्दैवाने त्याच कराराचे एकोणनव्वदावे कलम युद्ध आणि राष्ट्रीय आणीबाणी यांच्या काळात राष्ट्रांना आपल्या कृतीचे स्वातंत्र्य देते, आणि या पळवाटेतून सारे काही निसटते.

समुद्राच्या बाबतीत जगाने अधिक शहाणपण दाखविले आहे. १९८२ च्या समुद्रविषयक कराराने आंतरराष्ट्रीय सामुद्रधुन्यांतून जाण्याचा हक्क जहाजांना आणि त्यांवरून उडण्याचा हक्क विमानांना दिला असून किनाऱ्यावरील राष्ट्राला तो हक्क स्थगित करता येत नाही. मग सायबेरियासारखा, किंवा सिंधूच्या खोऱ्यासारखा, ज्याला वळसा घालणे हाच एक पर्याय उरतो असा प्रदेश म्हणजे आकाशातील सामुद्रधुनीच नव्हे काय?

भय आणि सूड

या युक्तिवादाला एक प्रबळ उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. आकाश बंद न केल्यामुळेही माणसे मेली आहेत. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला जाणारे मलेशियाचे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जण ठार झाले. तेथे लढाई चालू होती, तरी आकाश केवळ ३२ हजार फुटांपर्यंतच बंद होते आणि विमान ३३ हजार फुटांवर होते. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान इराणच्याच क्षेपणास्त्राने पाडले आणि १७६ जणांचा बळी गेला. त्या रात्री इराणने आपले आकाश बंद केले नव्हते. अशा प्रसंगी आकाश बंद करणे हा केवळ अधिकार नव्हे, ते कर्तव्य आहे.

परंतु हीच गोष्ट आमचे म्हणणे अधिक बळकट करते. भयापोटी घातलेली बंदी आणि सूडापोटी घातलेली बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि व्यवहारात जग नेमके उलटे वागते. जेथे माणसांचे प्राण वाचविण्यासाठी आकाश बंद करावयास हवे तेथे मिळकत बुडेल अथवा अब्रू जाईल म्हणून ते उघडे राहते, आणि जेथे विमानांना काडीचाही धोका नाही तेथे ते वर्षानुवर्षे बंद राहते. आक्रमकाला शासन करावयाचे नाही काय, असे कोणी विचारील. जरूर करावे. रणांगणापेक्षा वळसा बरा, हेही मान्य. पण त्या शासनाचा भार कोणावर पडतो, याचा हिशेब कोणी मागणार की नाही? तो सेनापतींवर पडत नाही. त्यांची विमाने परवानगी मागत नाहीत. तो पडतो परदेशी शिकणाऱ्या मुलावर, आखातात राबणाऱ्या कामगारावर, आईच्या अंत्यदर्शनासाठी निघालेल्या मुलीवर. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा तो प्रवास थोड्या भाग्यवंतांचा होता. आज तो मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुखदुःखाचा भाग झाला आहे. म्हणूनच आकाशाच्या राजकारणाची झळ आता त्या कुटुंबांना पोहोचते.

यावर उपाय राष्ट्रांचे सार्वभौमत्व काढून घेण्याचा नाही. ते कोणी देणारही नाही. उपाय लहान आणि साध्य आहेत. नवव्या कलमातील समानतेच्या अटीचा भंग करून घातलेली प्रत्येक बंदी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मंडळापुढे आपोआप चर्चेस यावी, तिची मुदत ठरलेली असावी आणि मुदतवाढ मागणाऱ्याने कारणे जाहीर करावीत. मंडळास असा वाद ऐकण्याचा अधिकार आहे, हे हेगच्या न्यायालयाने १९७२ सालीच सांगून ठेवले आहे. तो अधिकार आपल्याच अपिलातून सिद्ध झाला, हे आपण विसरू नये. उलट, जेथे लढाई चालू आहे तेथील आकाश बंद न करणाऱ्या राष्ट्रावर त्याची जबाबदारी ठेवली जावी. दोन्ही बाबतींत पुढाकार घेण्याचा नैतिक अधिकार भारताला आहे, कारण बंदी घालणारा आणि बंदी सोसणारा या दोन्ही भूमिका त्याने अनुभविल्या आहेत.

चार तासांचा वळसा ही काही मोठी आपत्ती नव्हे, असे म्हणता येईल. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो त्याचे असते. प्रत्येक भांडणात प्रथम आकाश मिटावयाचे आणि मग केव्हातरी सवडीने उघडावयाचे, ही रीत पडून गेली तर ज्या जगाला आपण जवळ आले असे म्हणतो ते तुकड्यातुकड्यांनी पुन्हा दूर जाईल. आणि कोणत्याही इंजिनाला, कितीही सुधारले तरी, ते अंतर तोडता येणार नाही. हेलसिंकी आणि टोकिओ यांच्यामधला दोरा गोलावर आजही तेवढाच आहे. तो आखूड करणे विज्ञानाच्या हाती नाही. त्यावरून माणसांना जाऊ देणे मात्र माणसांच्याच हाती आहे.